अकरा महिन्यांचे घर आणि कागदावर न आलेले डिपॉझिट

मे महिना आला की आमच्या भागात टेम्पोंची ये-जा वाढते. शाळांना सुट्टी असते, मुलांचे वर्ष बुडत नाही, म्हणून भाड्याचे घर बदलायचे ते याच दिवसांत. टेम्पोत मागे कपाट, गाद्यांची वळकटी, पाण्याचा पिंप, भांड्यांची गोणी. पुढे ड्रायव्हरशेजारी घरातली आजी, आणि तिच्या मांडीवर साडीत गुंडाळलेला बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो. कल्याण-उल्हासनगरपासून दिवा, मुंब्रा, विक्रोळी, गोवंडीपर्यंत कुठेही उभे राहा, हेच दृश्य दिसेल. घरभाडे, डिपॉझिट, एजंट, ॲग्रीमेंट, हे शब्द आता आपल्या शाळकरी मुलांनाही तोंडपाठ झाले आहेत.

आम्ही एका कचेरीत हिशोब विभागात कारकून आहोत. रविवारी वंदना झाल्यावर विहारात दोन तास बसतो. कुणाचा जातीच्या दाखल्याचा अर्ज, कुणाचा पेन्शनचा फॉर्म, असे लिहिण्याचे काम असते. गेली काही वर्षे मात्र येणाऱ्या दहा माणसांत तीन-चार माणसे घरभाड्याची तक्रार घेऊन येतात. २०२४ च्या जून महिन्यात अशाच एका ताई आल्या. खासगी दवाखान्यात कंत्राटावर आयाचे काम करतात. नवरा हयात नाही, एक मुलगी, एक मुलगा. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत ॲग्रीमेंटची झेरॉक्स. समोर ठेवून म्हणाल्या, "दादा, एवढे वाचून सांगा. मी पन्नास हजार दिलेत आणि मालक म्हणतो दहाच लिहिलेत."

आम्ही वाचले. इंग्रजीतले आठ पानी ॲग्रीमेंट. महिना भाडे ८,००० रुपये, मुदत ११ महिने, परत करण्याच्या बोलीचे डिपॉझिट १०,००० रुपये. खाली ताईंचा फोटो, अंगठ्याचा ठसा, दोन साक्षीदार. कागद रीतसर नोंदलेला होता. ताईंनी दिलेल्या पन्नास हजारांपैकी तीस हजार मुलीच्या मोबाईलवरून मालकाच्या पत्नीच्या खात्यात गेले होते आणि वीस हजार रोख एजंटच्या हातात. मालकाचे म्हणणे असे की कागदावर दहा आहेत, दहाच मिळतील. त्यातून रंगाचे आठ हजार कापणार. म्हणजे पन्नास दिले आणि दोन परत. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फीची शेवटची तारीख नऊ दिवसांवर होती. ती फी ताईंनी या डिपॉझिटच्या भरवशावर ठेवली होती.

एजंटला आम्ही स्वतः फोन केला. डिपॉझिट कमी का लिहिले, असे विचारले. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, सगळे असेच करतात. डिपॉझिट जास्त दाखवले की स्टॅम्प ड्युटी वाढते. बाईंचाच खर्च वाचवला."

आम्ही बी.कॉम. झालेले, त्यामुळे कुणी खर्च वाचवला म्हटले की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. अशा कराराची, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सची, स्टॅम्प ड्युटी महाराष्ट्रात कशी काढतात ते वाचकांनीही एकदा समजून घ्यावे. सगळ्या मुदतीचे भाडे धरायचे. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरायचे. दोन्हीची बेरीज करून तिच्यावर पाव टक्का. ताईंचे भाडे अकरा महिन्यांचे ८८,००० रुपये. दहा हजारांच्या डिपॉझिटवर अकरा महिन्यांचे व्याज ९१७ रुपये. बेरीज ८८,९१७, त्याचा पाव टक्का २२२ रुपये २९ पैसे. आता खरे डिपॉझिट, पन्नास हजार, लिहिले असते तर? व्याज ४,५८३, बेरीज ९२,५८३, पाव टक्का २३१ रुपये ४६ पैसे. फरक नऊ रुपये सतरा पैसे. रक्कम शंभराच्या पटीत पूर्ण करून भरली तर तेवढाही फरक उरत नाही. या नऊ रुपये सतरा पैशांसाठी एका विधवा बाईचे चाळीस हजार रुपये कागदावरून पुसले गेले होते!

वास्तविक खर्च वाचवणे हे कारण नसतेच. मालकाला उत्पन्न लपवायचे असते, किंवा पुढे भांडण झाले तर आपली बाजू भक्कम ठेवायची असते. एजंटला मालक दुखवायचा नसतो, कारण मालक कायमचे गिऱ्हाईक आणि भाडेकरू अकरा महिन्यांचा. आणि आपला माणूस, घर हातचे जाऊ नये म्हणून, दाखवलेल्या जागी अंगठा ठेवतो. ताईंचा अंगठा तर रात्री साडेनऊला घेतला होता. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आला, दहा मिनिटांत काम आटोपून गेला. त्या दिवशी त्या बारा तासांची ड्युटी करून आल्या होत्या.

दुसऱ्याच्या चुका काढताना आपलीही सांगितली पाहिजे. २००९ साली, लग्नानंतरचे दुसरे वर्ष, आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहत होतो. डिपॉझिट पंचवीस हजार, सगळे ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेले. त्या बाबतीत आम्ही हुशार. घर सोडताना मालक म्हणाले, "चावी देऊन जा, रंगारी उद्या येतोय. पैसे चार दिवसांत घरपोच करतो." वयाने वडिलांसारखे, जाता-येता चहा पाजणारे. आम्ही चावी दिली. चार दिवसांचे चार महिने झाले. आधी नवा भाडेकरू आला की देतो, मग मुलीचे लग्न, मग फोनच उचलेनात. शेवटी हाती आले नऊ हजार. आमच्या मंडळी अजून म्हणतात, कचेरीत लोकांची बिले तपासता आणि स्वतःची चावी फुकट देऊन येता. यावर आमच्याकडे उत्तर नाही.

हे अकरा महिन्यांचे प्रकरण आले कुठून, असा प्रश्न आम्हाला विहारात नेहमी विचारला जातो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी असे नव्हते. गिरणी, रेल्वे, गोदी, नगरपालिकेत काम करणारी आपली माणसे बी.आय.टी. चाळीत, बी.डी.डी. चाळीत राहिली. बाबासाहेबही परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांत अनेक वर्षे कुटुंबासह राहिले. त्या चाळी सरकारी योजनेतल्या. खोली लहान, संडास सामाईक, पण भाडे भरले की पावती मिळे आणि ती पावती पेटीच्या तळाशी जपून ठेवली जाई. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले होते. वाटेल तेव्हा भाडे वाढवता येत नसे, वाटेल तेव्हा बाहेर काढता येत नसे. त्यातून सुटका म्हणून मालकांनी 'भाडेकरू' शब्द टाळून 'लायसन्सी' शब्द काढला. लायसन्सी म्हणजे ज्याला फक्त राहण्याची परवानगी दिली आहे तो. १९७३ साली सरकारने कायदा दुरुस्त करून त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जे असे लायसन्सी म्हणून राहत होते त्यांना भाडेकरू ठरवले. तेव्हापासून मालक जे घाबरले ते आजतागायत. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ साली झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात मुदत संपल्यावर लायसन्सीने घर सोडलेच पाहिजे, न सोडल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागेल, असे स्पष्ट लिहिले आहे. मालकाला यासाठी वेगळा सक्षम अधिकारीही दिला आहे. मात्र डिपॉझिट अडकलेल्या लायसन्सीसाठी तशी झटपट सोय नाही. म्हणून आपण बोलताना स्वतःला भाडेकरू म्हणत असलो तरी कागदावर आपण तसे नाही, हे आधी ध्यानात ठेवावे.

तरी या कायद्यातले एक कलम आपल्या कामाचे आहे, ते म्हणजे कलम ५५. घर भाड्याने द्या की लायसन्सवर द्या, करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही हा समज महाराष्ट्रात खोटा आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची. त्याने ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि करार नोंदलेला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे. आता गंमत बघा. ताईंचा करार नोंदलेलाच नसता तर पन्नास हजारांचे त्यांचे म्हणणे अधिक जोरात मांडता आले असते. करार नोंदला, पण खोटा आकडा घालून नोंदला, म्हणून त्या अडचणीत आल्या. नोंदलेल्या कागदाविरुद्ध तोंडी सांगणे सहजासहजी टिकत नाही.

आठ हजार भाडे म्हणतात ते खरोखर आठ हजार असते का, याचाही हिशोब आम्ही ताईंच्याच वहीवरून मांडला. एजंटची दलाली एक महिन्याचे भाडे, ८,०००. ॲग्रीमेंटचा खर्च ३,५००, सगळा ताईंच्या माथी, मालकाने त्यात एक पैसा घातला नाही. टेम्पो आणि हमाल ४,०००. घर सोडताना रंगाचे ८,०००. डिपॉझिटसाठी बचत गटातून पन्नास हजार काढले होते, शेकडा एक रुपया महिना दराने, त्याचे अकरा महिन्यांचे व्याज ५,५००. एकूण २९,०००. हे अकरा महिन्यांच्या भाड्यात मिळवले तर १,१७,०००, म्हणजे महिना १०,६३६ रुपये. आठ हजारांची खोली साडेदहा हजारांच्याही वर गेली. त्यात डिपॉझिट बुडाले तर हिशोबच करायला नको. दर अकरा महिन्यांनी हे चक्र नव्याने फिरते आणि कंत्राटी कामगाराचा पगार मात्र तसा फिरत नाही.

त्या ३,५०० मध्ये सरकारकडे किती गेले? स्टॅम्प ड्युटी वर सांगितलीच, दोन-तीनशे रुपये. नोंदणी फी महापालिका-नगरपालिका हद्दीत एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. त्यावर दस्त हाताळणीचे शुल्क आणि मग एजंटची मजुरी. मजुरी घेण्याला आमची हरकत नाही, तो घरी येतो, यंत्र आणतो. पण सरकारी किती आणि तुमचे किती, हे विचारायला लाजू नये. विचारले की आकडा खाली येतो, हा आमचा अनुभव आहे.

पैशाचे झाले. पण आपल्या लोकांच्या बाबतीत पैशाआधी एक प्रश्न येतो. घर पसंत पडते, भाडे ठरते, आणि एजंट सहज विचारल्यासारखे विचारतो, "आडनाव काय म्हणालात?" आडनावावरून कळले नाही तर गाव विचारतात, गावावरून कळले नाही तर "नॉनव्हेज चालते का?" मग दुसऱ्या दिवशी फोन येतो की मालकाचा भाचा येणार आहे, घर द्यायचे नाही. आमच्याच ओळखीच्या एका बँकेतल्या शिपायाला एजंटने सल्ला दिला होता, "घर मिळेल, पण तो फोटो हॉलमध्ये लावू नका, आत लावा." त्याने ते घर घेतले नाही. दीड महिना बहिणीकडे काढला, मुलाची शाळा दोन बस बदलून केली, पण घेतले नाही.

बाबासाहेब १९१७ साली परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात, पारशी नाव सांगून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाला. दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही, सार्वजनिक बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवले आहे. त्या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे झाली. २०१५ साली डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याचे घर मागणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. दलित आणि मुस्लिम नाव सांगितले की नकार वाढतो किंवा अटी वाढतात, हे त्यातून पुढे आले. काठ्या घेऊन कुणी येत नाही एवढाच फरक. आता फोन उचलत नाहीत.

याचा डिपॉझिटशी संबंध काय, असे कुणी म्हणेल. संबंध थेट आहे. ज्याला तीन ठिकाणी नकार मिळाला आहे तो चौथ्या ठिकाणी अटी घालत नाही. ॲग्रीमेंट मराठीत द्या म्हणत नाही, डिपॉझिट पूर्ण लिहा म्हणत नाही. घर मिळाले हेच खूप, असे त्याला वाटते. एजंटला हे बरोबर कळते. ताईंनीही नंतर तेच सांगितले. "दादा, दोन घरे आडनावावर गेली होती. तिसरे जाऊ नये म्हणून मी काही बोलले नाही."

आणि आपल्या घरातही थोडे बघावे लागेल. आपल्यातल्याही काहींनी नोकरीच्या जोरावर जास्तीची एक खोली घेतली आहे, ती भाड्याने दिली आहे. चांगली गोष्ट आहे. पण गेल्या वर्षी विहारात एका कुटुंबाची तक्रार आली ती आपल्याच एका मालकाविरुद्ध. रंगाचे पैसे कापले, रंग लावलाच नाही, तशीच खोली दुसऱ्याला दिली. मंचावर समतेचे भाषण करणाऱ्याला आम्ही नाव घेऊन बोललो, तेव्हा तो आमच्याशी सहा महिने बोलला नाही. सगळे मालक लुटारू असतात असेही आम्ही म्हणणार नाही. निवृत्त झालेल्या कामगाराला पीएफमधून घेतलेल्या एका खोलीचे भाडे हेच पेन्शन असते, आणि त्याची खोली अडवून बसणारे, विजेचे बिल थकवून रातोरात जाणारे भाडेकरूही आम्ही पाहिले आहेत. कागद दोघांच्याही उपयोगाचा आहे.

अलीकडे 'हेवी डिपॉझिट' नावाचा प्रकार वस्त्यांत फार वाढला आहे. एकरकमी चार-पाच लाख द्यायचे, महिन्याचे भाडे नाही, मुदत संपली की रक्कम परत. गृहिणीला हे आवडते, कारण दर महिन्याची कटकट नाही. पण ही रक्कम येते कुठून? पीएफमधून, गावची शेती गहाण टाकून, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून. ती मालकाने कधीच खर्च केलेली असते. मुदत संपल्यावर तो नवा हेवी डिपॉझिटवाला शोधतो आणि त्याचे पैसे तुम्हाला देतो. नवा मिळाला नाही तर तुम्ही अडकलात. कधी एकच खोली दोघांना दिलेली असते. कधी घरावर बँकेचे कर्ज असते आणि हप्ते थकल्यावर बँक घराला सील ठोकते. कधी घर झोपडपट्टी पुनर्वसनात मिळालेले असते, ज्याच्या हस्तांतरणावर काही वर्षे बंदी असते, आणि तपासणी आली की मालक बेपत्ता आणि राहणारा नोटिशीसमोर उभा. एवढी मोठी रक्कम देण्याआधी घराचे मूळ कागद, वीजबिलावरचे नाव, सोसायटीचे पत्र आणि कर्ज आहे का, हे बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. आमचे मत विचाराल तर देऊच नये. पण गरजू माणसाला असे सांगणे सोपे असते, हेही आम्हाला ठाऊक आहे.

पुनर्विकासामुळे जी कुटुंबे पिढ्यानपिढ्या एकाच खोलीत राहिली, तीही आता या बाजारात उतरली आहेत. बी.डी.डी. चाळींच्या पुनर्विकासात म्हाडाने घर रिकामे करणाऱ्यांना संक्रमण शिबिर किंवा महिना २५,००० रुपये भाडे देऊ केले. ज्यांनी आयुष्यात एजंट पाहिला नव्हता ते साठीच्या वयात आडनाव सांगत घर शोधू लागले. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, ही आनंदाची बातमी. बाकीची कुटुंबे अजून वाट पाहत आहेत, आणि त्यांचे अकरा-अकरा महिने चालूच आहेत.

सोसायट्यांचा जाचही सांगायला हवा. भाडेकरू आला की सोसायटी सामान चढवण्याचे, लिफ्टचे, देणगीचे पैसे मागते. भाड्याने दिलेल्या घराबद्दल सोसायटीला सभासदाकडून बिनभोगवटा शुल्क घेता येते, पण ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको, असा राज्य सरकारचा १ ऑगस्ट २००१ चा आदेश आहे. ते शुल्क सभासदाने म्हणजे मालकाने भरायचे. ते तुमच्यावर ढकलत असतील तर आधी ठरलेले होते का, एवढे विचारावे.

तर घर घेताना काय करावे? आम्ही विहारात जे सांगतो तेच येथे लिहितो. अंगठा ठेवण्याआधी मसुदा एक दिवस आधी मोबाईलवर मागवावा आणि घरातल्या शिकलेल्या मुलामुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावा. करार मराठीतही नोंदता येतो, तसा मागावा. डिपॉझिटचा पूर्ण आकडा, तो कुठल्या तारखेला कसा दिला, हे कागदावर यावे. रोख मागितले तर देऊ नये. मालकाच्याच खात्यात भरावे, एजंटच्या नाही, मालकाच्या मेहुण्याच्या तर नाहीच. रंगाचे, दुरुस्तीचे पैसे कापायचे असतील तर किती, ते आधी लिहून घ्यावे. राहायला जाण्याच्या दिवशी रिकाम्या घराचे फोटो काढावेत, गळका नळ, ओल आलेली भिंत, तुटलेली टाइल, विजेच्या मीटरचा आकडा, सगळे. ते त्याच दिवशी मालकाला पाठवावेत. नोंदलेल्या कराराची प्रत आपल्याकडे ठेवावी. सोडण्याआधी कराराप्रमाणे लेखी सूचना द्यावी, आणि चावी व डिपॉझिट यांची देवाणघेवाण एकाच बैठकीत करावी. आमच्या २००९ च्या अकलेची किंमत सोळा हजार होती. ती वाचकांनी पुन्हा मोजू नये.

पोलीस ठाण्यात गेलात तर "हे सिव्हिल मॅटर आहे" असे सांगून परत पाठवतात. एकच घर दोघांना देणे, खोटे कागद दाखवणे, अशी फसवणूक असेल तर मात्र लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. डिपॉझिटसाठी आधी स्पीड पोस्टाने पत्र, मग वकिलाची नोटीस. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातीतून बौद्ध झालेलेही त्यात येतात, जातीचा दाखला सोबत न्यावा. प्रत्येक जिल्हा न्यायालयात आणि बहुतेक तालुका न्यायालयांत हे कार्यालय असते. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

ताईंच्या बाबतीत आम्ही याच वाटेने गेलो. आधी मराठीत पत्र लिहिले, बँकेत गेलेल्या तीस हजारांचा उतारा जोडला. मालकाने उत्तर दिले नाही. मग प्राधिकरणाच्या वकीलबाईंनी नोटीस काढली. बँकेचा उतारा पाहिल्यावर मालक जरा मऊ झाला, कारण लिहिलेले दहा आणि खात्यात आलेले तीस यांचा मेळ त्याला घालता येईना. दोन बैठका झाल्या. एजंटने रोख वीस हजारांबद्दल कानावर हात ठेवले, "मी मालकाला दिले," म्हणाला, मालक म्हणाला, "मला नाही मिळाले." ताईंना शेवटी बत्तीस हजार मिळाले, तेही तीन हप्त्यांत, दिवाळीपर्यंत. अठरा हजार गेले ते गेले. वकीलबाई म्हणाल्या, दावा लावता येईल, पण वर्षे जातील आणि तुमचे खाडे होतील. ताईंनी विचार करून नको म्हटले. तो निर्णय त्यांचा होता, आम्ही आग्रह केला नाही.

फीची तारीख मात्र जूनमध्येच होती. ताईंनी कानातले गहाण ठेवून फी भरली. मुलगी आता नर्सिंगच्या वर्गात आहे. नंतर नव्या घराचे ॲग्रीमेंट झाले तेव्हा एजंट रात्रीच आला होता, पण लॅपटॉपवरचा मसुदा मुलीने खुर्ची ओढून बसून वाचला. डिपॉझिटच्या रकान्यात पंधरा हजार दिसले. ठरले होते पंचेचाळीस. ती म्हणाली, "काका, पूर्ण आकडा टाका, स्टॅम्पचे वरचे पैसे मी देते," आणि दहाची नोट टेबलावर ठेवली. एजंटने मालकाला फोन लावला, बाहेर गॅलरीत जाऊन बोलला, परत आला आणि आकडा बदलला. दहाची नोट घेतली नाही.

कानातले अजून सोडवायचे आहेत.